पळणं तेवढं बंद!

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. डॉक्टर म्हणाले, "विश्रांती घ्या." घरी आले आणि बाईच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ काय होतो ते कळलं. पळणं तेवढं बंद झालं. पहाटेचं पाणी, दोन वेळचा स्वयंपाक, धुणं, गावोगावच्या बैठकांना एस.टी.त उभ्यानं जाणं, यातलं काहीही थांबलं नाही. दीड-दोन महिन्यांत भरून यावं असं ते हाड पाच महिने रेंगाळलं. त्यानंतरची अडीच वर्षं गेली ती हाडामुळे नव्हे. पाय बरा झाला होता, पण "आता कशाला परत?" या प्रश्नाला घरात कुणाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, खूळ गेलं." मी त्यांच्यावर रागावले नाही. त्यांचा गुडघा वीस वर्षं दुखतोय. त्यांना तर कुणी विश्रांती घ्या असंही म्हटलेलं नाही.

आमचं कुंडल कुस्तीचं गाव. इथल्या मैदानाला लांबलांबून माणसं येतात. पैलवानाचा खांदा निखळला तर घर कसं हलतं ते आम्ही पाहत आलो आहोत. मालीश, दूध, बदाम, वस्तादांची चौकशी, आणि "पुन्हा कधी उतरणार?" हा प्रश्न त्याला सगळं गाव विचारतं. बाईला विचारतात, "अजून सोडलं नाहीस?" दुखापत दोघांची सारखीच असते. फरक एवढाच, की त्याचं परतणं गृहीत धरलेलं असतं आणि तिचं थांबणं.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 97, असं दिसलं. म्हणजे दुखऱ्या पायावर बाई पाच तास उभी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 57 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, म्हणजे त्या पंडुरोगी होत्या. अशा शरीराला आपण म्हणतो, झेपत नसेल तर सोड!

हा "झेपत नाही"चा युक्तिवाद जुनाच आहे. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी थकून पडल्या, याचा एवढा गवगवा झाला की 1960 पर्यंत ही शर्यत बायकांना बंद राहिली. दमलेला पुरुष शूर ठरतो, दमलेली बाई पुरावा ठरते. आणि याच मातीतल्या, माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. प्रतिसरकारच्या काळात, 1944 मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाताईंनी, गोव्याच्या मोहिमेत रात्रीच्या अंधारात मांडवी ओलांडली. तेव्हा झेपेल का, असं विचारायला कुणाला सवड नव्हती.

माझ्यापेक्षा मला काळजी वाटते ती पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या पोरींची. पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत त्या पळतात. नडगी दुखली तर सांगत नाहीत. कारण त्यांना माहीत असतं, की एक भरती चुकली की घरात स्थळं बघायला सुरुवात होते. पाळी थांबली तर कटकट गेली म्हणतात. अपुरं खाऊन जादा पळल्यानं पाळी थांबू शकते आणि त्यात हाडं ठिसूळ होतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दुखणं लपवून पळणारी पोर आळशी नाही, हट्टीही नाही. तिला परत येण्याची खात्री नाही, म्हणून ती थांबत नाही.

गेल्या महिन्यापासून मी पुन्हा पळते. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी नडगी दुखली तर अंतर कमी. किर्लोस्करवाडीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात आणि पहिल्याच वळणाला धाप लागते. पण एक गोष्ट या वेळी वेगळी आहे. पळण्याच्या दिवशी सकाळचा स्वयंपाक नवरा करतो. हे त्याचे उपकार नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली विश्रांती तीन वर्षं उशिरा मिळते आहे, इतकंच.

म्हणून ग्रामपंचायतीकडे, भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांकडे आणि आपल्या घरांकडेही मागणी करू या. पहाटे दोन तास मोकळं मैदान आणि दिवे. वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलीची रक्ततपासणी. दुखापत झाली तर फी न बुडता पुन्हा प्रवेश. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा तरी व्यायामोपचार. आणि घरात कुणाचाही पाय दुखला तर तिला "सोड" म्हणण्याआधी तिच्या डोक्यावरची घागर कोण उचलणार, ते ठरवा.