घरातला धंदा आणि नकाशातली जात

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते. घर किती चौरस फुटांचे मिळणार आणि पात्रतेची तारीख कोणती? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या घरात माणूस राहतो आणि त्याच घरात पोटापुरते कमावतो, त्या घराला कायदा काय म्हणतो, हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या समाजाने तो विचारलाच पाहिजे.

सुमारे 600 एकरांच्या धारावीत खाली कुटुंब आणि वर माळ्यावर कारखाना, हे नेहमीचे चित्र आहे. कुठे चामड्याची पाकिटे आणि पट्टे, कुठे शिलाई, कुठे जरीकाम, तर कुंभारवाड्यात दारातच मडकी. दलित, मुसलमान, मागास जातींतील ही माणसे गावातून निघाली, तेव्हा त्यांच्याजवळ ना जमीन होती ना भांडवल. राहती जागा हेच त्यांचे भांडवल झाले.

शहराचा नकाशा मात्र निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडतो. निवासी विभागात घरातून चालणाऱ्या व्यवसायाला 1991 च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीने परवानगी दिली, पण तिच्या अटी पाहा. काम घरातल्याच माणसांनी करायचे, पगारी कामगार ठेवायचा नाही. आत काही काम चालते हे बाहेरून दिसता कामा नये, म्हणजे पाटीसुद्धा लावायची नाही. विजेचा भार 0.75 किलोवॅटच्या वर जायचा नाही, म्हणजे जेमतेम एक अश्वशक्ती. मोटारीवर चालणारी दोन शिलाई मशिने आणि एक इस्त्री लावली की ही मर्यादा संपली! शेजारचा एक बेरोजगार मुलगा मदतीला घेतला की नियम मोडला.

याच निवासी विभागात राहत्या घरी कार्यालय थाटणाऱ्या पांढरपेशा व्यावसायिकाला मात्र मुभा आहे. वकिलाचे कार्यालय 'व्यापारी आस्थापना' ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये केरळच्या दुकाने कायद्याखालील खटल्यात दिला. 2005 मध्ये मध्य प्रदेशच्या एका खटल्यात वकिली हा विजेच्या दरासाठीही व्यापार नाही, असे म्हटले. वकिलांना ही सवलत मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न असा आहे, की पुस्तक उघडून बसणाऱ्याचे काम तेवढे 'पेशा' आणि आरी-रापी घेऊन बसणाऱ्याचे काम 'उपद्रव' का? डोक्याचे काम शुद्ध आणि हाताचे काम अशुद्ध, ही मनूची वर्गवारी नियमावलीच्या भाषेत शिरली आहे. नियम कुणाच्या जातीचे नाव घेत नाही. पण तो पाळणे कुणाला परवडते आणि कुणाला नाही, हे जातच ठरवते.

आता पुनर्वसनातली मेख पाहा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत व्यवसायाच्या जागेसाठी 225 चौरस फुटांपर्यंत मोफत गाळ्याची तरतूद आहे. घर आणि धंदा एकत्र असेल, तर त्याचाही विचार नियमात आहे. पण धंदा सिद्ध करायचा कशाने? गुमास्ता परवाना, व्यापारी वीजमीटर, कराची पावती. घरी बसून पट्टे शिवणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, काजबटण करणाऱ्या बाईजवळ यातले काय असणार? एकीकडे कायदा तिला सांगतो, तुझे काम बाहेर दिसू देऊ नको. दुसरीकडे सर्वेक्षक विचारतो, तुझ्या कामाचा पुरावा दाखव! लपून काम केले म्हणून हक्क नाही, आणि उघड केले तर बेकायदा. ही कोंडी फोडल्याशिवाय पात्रतेची कोणतीही यादी न्याय्य होऊ शकत नाही.

माळ्यावर राहणाऱ्यांची गत आणखी वेगळी. त्यांच्यासाठी धारावीबाहेर भाडे-खरेदी पद्धतीने घराची योजना आहे. ते घर मिळालेच, तरी कच्चा माल देणारा व्यापारी, माल उचलणारा हातगाडीवाला आणि शिकलेला कारागीर धारावीतच राहणार. घर हलेल, पण धंदा त्याच्यामागे जाईलच असे नाही. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो पदपथावर राहणाऱ्यांचा खटला होता. मग माळ्यावर शिवणाऱ्याला त्याचा लाभ का नको?

नियम बदलत नाहीत, असे कुणी सांगू नये. दिल्लीत 2006 मध्ये निवासी वस्त्यांतील दुकानांना सील ठोकले गेले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले. सप्टेंबर 2006 मध्ये मिश्र वापराची अधिसूचना निघाली आणि फेब्रुवारी 2007 मध्ये नवा मास्टर प्लॅन आला. संघटित व्यापाऱ्यांसाठी नकाशा बदलतो. असंघटित कारागिरासाठी मात्र तो दगडावरची रेघ होतो.

चळवळीतले काही कार्यकर्ते विचारतील, बाबासाहेबांनी हीन लेखलेली जातीची कामे सोडायला सांगितली, मग आपण घरातल्या चामड्याच्या कामाची बाजू का घ्यायची? प्रश्न रास्त आहे. जन्माने लादलेले काम टाकून देण्याचा हक्क हाच स्वातंत्र्याचा पाया आहे. पण काम सोडायचे की त्याच कामात मालक व्हायचे, हे त्या माणसाने ठरवायचे, नगररचना खात्याने नव्हे. शिवाय घरातल्या प्रत्येक धंद्याचे समर्थन आपण करू नये. सोल्यूशनच्या वासात झोपणारी लेकरे आणि शाळा सोडून शिवायला बसवलेली मुलगी आपल्याला मान्य नाही. धोकादायक रसायने, भट्टी आणि आगीचा धोका घराबाहेरच हवा. त्यासाठी त्याच वस्तीत, परवडणाऱ्या भाड्यात सामाईक कार्यशाळा द्या. बाहेर काढायचे आणि पर्याय द्यायचा नाही, ही सुधारणा नव्हे, हकालपट्टी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. घरातून काम करणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, स्वतंत्र नोंद घ्या. शेजाऱ्यांची साक्ष, माल देणाऱ्याची चिठ्ठी, कामाची अवजारे हा पुरावा ग्राह्य धरा. विजेची आणि मदतनिसाची मर्यादा वाढवा. फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत प्रतिनिधित्व दिले, तसे घरकामगारांनाही द्या. घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही, त्याचाही जाब विचारा.

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपल्या वस्तीतून किती अर्ज जातात? आपण गप्प राहिलो, तर रेघा दुसरेच कुणी ओढणार. राज्यघटनेच्या कलम 19 ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते नकाशाच्या रंगात विरघळू द्यायचे नसेल, तर प्रत्येक वस्तीत नियमावलीचे वाचन झाले पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा याचा आजचा अर्थ तोच आहे.