चलान धारचं, घर शिरपूरचं : गुन्हा कबूल करायला मोबाईल पुरतो, नाकारायला मात्र कोर्टाच्या फेऱ्या

परराज्यात गाडीवर चलान झालं की आपल्याकडं सल्ला एकच मिळतो, "भरून टाक आणि विषय संपव." सल्ला देणारा मूर्ख नसतो. त्याला हिशेब पाठ असतो. हजार रुपयांच्या दंडासाठी दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात दोन तारखा करायच्या म्हणजे डिझेल, टोल, बुडालेले रोज आणि तिथल्या वकिलाची फी. सगळं धरलं तर दंडच स्वस्त पडतो. म्हणून माणूस भरतो. चूक केलेली असो की नसो.

हा हिशेब देवानं घातलेला नाही, व्यवस्थेनं घातलाय. आणि त्यात सीमाभागातला गाडीवालाच जास्त भरडला जातो, कारण पुण्या-मुंबईचा माणूस वर्षातून एखादवेळी राज्य ओलांडतो, आपण मात्र बाजाराला, लग्नाला, मजुरीला आणि दवाखान्याला आठवड्याला ओलांडतो.

उदाहरण म्हणून राजगढ घ्या. आपला राजगड किल्ला नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात सरदारपूर तहसिलीतलं राजगढ. जवळच मोहनखेडा जैन तीर्थ आहे, त्यामुळं खानदेशातल्या गाड्या तिकडं जातातच. इंदूर-अहमदाबाद महामार्गही त्याच पट्ट्यातून जातो, म्हणजे मालाचे ट्रक आणि पिकअपही आले. शिवाय धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. तिथं पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत आणि त्यांचे सोयरे आपल्याकडं आहेत. (देवासची गंमत वेगळीच. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती. म्हणजे रस्ता ओलांडला की दुसऱ्याचं राज्य. तिथल्या जुन्या लोकांना आपलं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.)

आता बघा. एमएच-१८ पासिंगची गाडी पळासनेरवरून सेंधव्याकडं चढली, खलघाटला नर्मदा ओलांडली, धामनोदवरून धार आणि पुढं राजगढ. परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी मोबाईलवर मेसेज येतो, चलान झालंय. ठिकाण, राजगढ. इथं पहिला घोळ होतो, कारण मध्य प्रदेशात राजगढ नावाचा एक स्वतंत्र जिल्हाही आहे. तो तिकडं ब्यावऱ्याकडं, धारपासून खूप लांब, आणि आग्रा-मुंबई महामार्ग त्याही जिल्ह्यातून जातो. तेव्हा चलान उघडून जिल्हा वाचा, ठाणं वाचा, कलम वाचा, फोटोतली गाडी तुमचीच आहे का ते बघा. नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला आणि भलत्याच्याच गाडीवर चलान चढलं, असं होतं.

आणि मेसेजमधल्या लिंकवर लगेच बोट ठेवू नका. चलानच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून बँक खाती साफ करणारे टोळके सगळीकडं आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. स्वतः परिवहनच्या साइटवर जाऊन गाडीचा नंबर टाका आणि खात्री करा.

रस्त्यावर अडवलं तर काय, हेही सांगतो, कारण यावर आपल्या ग्रुपमध्ये निम्मं खरं आणि निम्मं भन्नाट फिरत असतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो सगळ्या देशाला एकच. कलम १३ म्हणतं, लायसन्स भारतभर चालतं. कलम ४६ म्हणतं, नोंदणी भारतभर चालते. परक्या पासिंगची गाडी आहे एवढ्यावरून गुन्हा होत नाही. नोंदणी बदलायचा प्रश्न गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर येतो, कलम ४७. इंदूरला शिकायला गेलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असतील तरी चालतात, तसा बदल केंद्रानं २०१८ मध्येच नियम १३९ मध्ये केलाय. मालवाहू आणि टॅक्सीवाल्यांना परमिटची भानगड वेगळी असते, तिथं अंगावर येऊन भांडण्याआधी परमिट कुठपर्यंत आहे ते बघा.

लायसन्स जप्त केलं तर कलम २०६ खाली पोचपावती द्यावी लागते, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीवर तुम्हाला गाडी चालवता येते. हे फार महत्त्वाचं आहे. घरापासून दीड-दोनशे किलोमीटरवर लायसन्स काढून घेतलं की माणूस घाबरतो आणि "इथंच मिटवा साहेब" म्हणतो. त्या 'मिटवण्याची' पावती नसते. पावती नाही तर पैसे नाहीत, इतकं साधं ठेवा. आवाज चढवायची गरज नाही, "सर, चालान बना दीजिए" एवढं हिंदी पुरतं.

दंडाची रक्कम सगळीकडं सारखी नसते. २०१९ च्या दुरुस्तीनं केंद्रानं दंड वाढवले, पण कलम २०० खाली जागेवर तडजोडीनं किती घ्यायचे हे राज्य ठरवतं. हेल्मेट नसल्याचा दंड कायद्यात १,००० आहे, गुजरातनं तो त्याच वर्षी ५०० वर आणला. महाराष्ट्रानं नवे दर लागू करायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. म्हणून "आमच्याकडं एवढंच घेतात" हा वाद परराज्यात टिकत नाही.

आता मूळ मुद्दा.

गुन्हा जिथं घडला तिथल्या कोर्टात खटला चालायचा, हे तत्त्व जुनं आहे. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९७ मध्ये आहे. खून-दरोड्याला ते बरोबर आहे, साक्षीदार तिथं, पुरावा तिथं. पण कॅमेऱ्यानं काढलेल्या चलानात साक्षीदार कोण? एक फोटो, एक आकडा, एक वेळ. ते सगळं सर्व्हरवर आहे. शिरपूरलाही दिसतं आणि धारलाही.

आणि कायद्याला हे कळत नाही असं नाही, अर्धं कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम २०८ वाचा. लहान गुन्ह्यांत कोर्टानं समन्सवरच लिहायचं असतं की आरोपीनं स्वतः किंवा वकिलामार्फत यावं, नाहीतर तारखेआधी गुन्हा कबूल करून रक्कम मनीऑर्डरनं पाठवावी. मनीऑर्डरच्या कुपनावरच कबुली! १९८८ सालची सोय आहे ही. पुढं व्हर्च्युअल कोर्टं आली. आपल्याकडं ३१ ऑक्टोबर २०२० ला नागपूर जिल्ह्यात काटोलला वाहतूक चलानांचं व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं. मोबाईल नंबर टाका, खटला बघा, दंड भरा, संपलं.

पण त्याच पडद्यावर दुसरा पर्याय असतो, 'मला मान्य नाही'. तो दाबला की केस तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडं जाते आणि मनीऑर्डरची, मोबाईलची सगळी सोय तिथंच थांबते. पुढं तारीख, हजेरी, वकील. म्हणजे कबूल करणाऱ्याला घरबसल्या न्याय, आणि नाकारणाऱ्याला घाट चढून जायचा. निरपराध माणसाला जास्त खर्च येईल अशी ही रचना आहे. मुद्दाम केली नसेल, पण झाली आहे.

कोणी म्हणेल, मग काय कॅमेरेच बंद करायचे? मी तसं म्हणत नाही. खलघाटकडून इंदूरकडं जाताना लागणारा गणपती घाट ज्यांनी बघितलाय, उतारावर ब्रेक सुटलेल्या ट्रकांनी तिथं किती माणसं मारलीत हे ज्यांना माहीत आहे, ते वेगमर्यादेच्या विरोधात बोलणार नाहीत. ज्यानं वेग मोडला त्यानं दंड भरावा. मी बोलतोय ते ज्यानं मोडला नाही त्याच्याबद्दल.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत. ११ ऑगस्ट २०२१ ला केंद्रानं नियम १६७अ आणला. कॅमेऱ्याला दरवर्षी नव्यानं मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, कॅमेरा आहे याचा फलक लागतो, आणि घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवावी लागते. चार महिन्यांनी अचानक चलान दिसलं तर ती तारीख हा तुमचा मुद्दा असू शकतो. मात्र गाडीच्या नोंदणीवर तुमचा जुना बंद पडलेला नंबर असेल तर "नोटीस आलीच नाही" म्हणण्यात दम राहत नाही. जुनी गाडी घेतली असेल तर हे काम आजच करा. थकलेलं चलान पुढं गाडी विकताना किंवा आरटीओत काम निघालं की आडवं येतं, मग ते कुठल्या का राज्याचं असेना.

आता वकिलाचं. आपल्याकडं असं धरून चालतात की फुकट वकील म्हणजे खुनाच्या केसमधल्या गरीब कैद्याला मिळतो तो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ वाचा. अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा माणूस, बाई, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलाचा हक्क आहे. बाकीच्यांना राज्यानं ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेत.

आता आपला पट्टा डोळ्यांसमोर आणा. इकडं नंदुरबार, शिरपूर, तिकडं बडवानी, धार, आलीराजपूर. पावरा, भिल्ल, बारेला, भिलाला. सेंधवा ते शिरपूर पिकअप कोण चालवतं? मोटारसायकलवर तिघं बसून मजुरीला कोण जातं? यातले बहुतेक कलम १२ मध्ये बसतात. म्हणजे ज्याला परराज्यातल्या चलानाची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याच्याच खिशात सरकारी वकिलाचा हक्क आहे आणि त्याला तो कोणी सांगितलेला नाही. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर. किती जणांनी ऐकलाय? पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, एसटी स्टँडवर तो रंगवलेला तुम्ही बघितलाय का? मी नाही बघितला.

इथं एक अडचण खरी आहे. विधी सेवा जिल्ह्याजिल्ह्यात वाटलेली आहे. धुळ्याचं प्राधिकरण धुळ्याच्या कोर्टातला वकील देतं. धारची केस म्हटलं की "तिकडं अर्ज करा". ऑनलाइन अर्ज करता येतो, पण ज्याला समन्सचं कलम वाचता येत नाही तो अर्जात काय लिहिणार? म्हणून मागणी साधी आहे. सीमेवरच्या प्रत्येक तालुका विधी सेवा समितीनं परराज्यातल्या चलानाचा अर्ज आपल्याच टेबलावर घ्यावा, भरून द्यावा आणि पलीकडच्या जिल्हा प्राधिकरणाला पाठवावा. तिकडचा पॅनेलवरचा वकील तिथं उभा राहील, कारण वकिलामार्फत हजर राहायची मुभा कलम २०८ मध्येच आहे. आणि वादी-प्रतिवादीचं बोलणं व्हिडिओवर घ्यायला नवी संहिता परवानगी देते. कलम ५३० इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं खटला चालवण्याबद्दलच आहे.

लोकअदालतीचंही तेच. राष्ट्रीय लोकअदालत देशभर एकाच दिवशी भरते. त्या दिवशी शिरपूरच्या कोर्टात एक पडदा लावून धारचं चलान तिथून मिटवायला काय हरकत आहे? छत्तीसगडनं २०२० मध्ये, कोरोनात, ई-लोकअदालत भरवून दाखवलीय. (दारू पिऊन चालवल्याची केस यात आणू नका, ती तडजोडीत बसत नाही आणि बसूही नये.)

अमेरिकेत परराज्यातल्या गाडीवाल्याला पूर्वी जागेवर जामीन भरल्याशिवाय सोडत नसत. १९७७ मध्ये राज्यांनी आपसात करार केला. तिकीट घे, घरी जा, तिथून उत्तर दे. उत्तर दिलं नाहीस तर तुझं स्वतःचं राज्य तुझं लायसन्स थांबवेल. आज बहुतेक राज्यं त्या करारात आहेत. आपल्याकडं तर कायदा एकच, डेटाबेस एकच, लायसन्सचा नमुनाही एकच. करार करायलाही फार काही उरलेलं नाही.

निपाणी-बेळगावकडची पोरं म्हणतील, तुमचं बरं आहे, तिकडं हिंदी तरी आहे. बरोबर आहे. चलान कन्नडमध्ये आणि देगलूरकडं तेलुगूत आलं तर कलम कळायलाच अर्धा दिवस जातो. तिथं या टेबलाची गरज दुप्पट आहे, आणि त्यावर दोन्ही भाषा वाचणारा विधी स्वयंसेवक बसायला हवा. हे स्वयंसेवक प्राधिकरणं आपल्यासारख्यांतूनच नेमतात. आपल्यातल्या लॉच्या पोरांनी त्यासाठी नाव द्यावं.

तोवर ज्यांच्यावर परराज्यातलं चलान आहे आणि ते खरंच मान्य नाही, त्यांनी तीन ओळींचा अर्ज लिहा. चलान नंबर, कलम, आणि का मान्य नाही. सोबत त्या दिवशी गाडी कुठं होती याचा पुरावा जोडा, फास्टॅगची नोंद चालते. अर्ज आपल्या तालुका विधी सेवा समितीत द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून उठू नका. घेत नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. असे पन्नास आवक नंबर एका तालुक्यात जमले तर जिल्हा न्यायाधीशांसमोर ठेवायला आपल्याकडं कागद असेल.