सशाचे केस, गवताचा वास आणि आपले घर

ईदीच्या पैशांतून मुलांनी ससा आणला, अशी पत्रे आमच्याकडे ईदनंतर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागतात. ईदच्या आठवड्यात कोणी लिहीत नाही. तेव्हा ससा ओंजळीत मावतो, पाहुण्यांना दाखवायला बैठकीत आणला जातो आणि घरातले सगळेच त्याच्यावर खूश असतात. या वेळी बारामतीहून दोन आणि इंदापूरहून एक पत्र आले आहे. तिन्हींचा सूर सारखाच आहे. घरभर केस उडतात, गवताचा वास जात नाही, दादींना दम्याचा त्रास आहे, जानमाज अंथरावी तर तिच्यावर पांढरे केस. एका घरात अब्बांनी सांगून टाकले आहे की महिनाभरात घर नीट राहिले नाही तर ससा उसात नेऊन सोडायचा. मुलगी दोन दिवस जेवली नाही म्हणे.

तिघींपैकी दोघींनी एक उपाय स्वतःच करून पाहिला आहे. गवत बंद केले. गवतानेच पसारा होतो, गवताचाच वास येतो, मग चपाती, बिस्किट, गाजर, केळे द्यावे, ससा आवडीने खातो, असा हिशेब. याच एका ओळीमुळे आम्ही बाकीची पत्रे बाजूला ठेवून हा विषय आधी घेतला.

सशाला उलटी होत नाही. मांजर अंग चाटते, पोटात गेलेले केस ओकून टाकते. ससाही दिवसभर अंग चाटतो, पण त्याने गिळलेला केस पुढेच सरकला पाहिजे, दुसरा रस्ता नाही. तो पुढे ढकलायचे काम गवताच्या चोथ्याचे. केसगळीच्या दिवसांत गवत काढून घेतले आणि चपाती-बिस्किट दिले तर आतडे मंदावते, पोटात वायू धरतो, ससा खाणे सोडतो आणि एक-दोन दिवसांत दगावू शकतो. म्हणजे केसांचा त्रास वाढलेला असतो तेव्हाच गवत सर्वांत जास्त लागते. रोज निदान त्याच्या अंगाएवढा गवताचा पुंजका त्याच्यापुढे हवा. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात तेही गवत चावूनच.

आता वासाचे. चांगल्या वाळलेल्या गवताला गोडसर वास असतो, पहिल्या पावसाआधी गंजीजवळ उभे राहिल्यावर येतो तसा. त्याने कोणाचे घर खराब होत नाही. (साखर कारखाना सुरू झाला की चार-पाच महिने मळीचा वास सहन करणारी आपण माणसे, मूठभर गवताला नावे ठेवतो!) घरात जो वास बसतो तो तीन जागांहून येतो. पहिली जागा मूत्राने भिजलेले गवत. मूत्र साचून राहिले की त्यातून अमोनिया सुटतो, डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो तो हाच. आपल्या आधी तो सशाच्या नाकाला झोंबतो, कारण त्याचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असते. दुसरी जागा बुरशी धरलेले गवत, त्याला कुबट वास येतो. तिसरी जागा बहुतेकांना माहीत नसते. ससा दोन प्रकारची लेंडी टाकतो. एक कोरडी, गोल, जिला जवळजवळ वास नसतो. दुसरी मऊ, द्राक्षाच्या घडासारखी, ती तो स्वतःच खाऊन टाकतो, त्यातून त्याला पोषण मिळते. बिस्किट, केळे, चपाती यांनी पोट भरले की ही मऊ लेंडी तो खात नाही, ती त्याच्या मागच्या पायांना आणि फरशीला चिकटते, आणि ती भलतीच घाण वास मारते. म्हणजे ज्या घरांनी वासासाठी गवत बंद केले त्यांनी वास वाढवूनच घेतला आहे.

यावर करायचे ते सोपे आहे, पण रोज करावे लागते. सशाला एका कोपऱ्यात मुतायची सवय असते, तो कोपरा हेरा. तिथे पसरट प्लॅस्टिकचे टोपले किंवा जुनी पाटी ठेवा, तळाला वर्तमानपत्राचे सात-आठ थर, त्यावर थोडे गवत, आणि खायचे गवत त्याच टोपल्याच्या एका कडेला जरा उंचावर लावा. सशाला खाता खाता लेंडी टाकायची सवय आहे, त्यामुळे तो आपणहून तिथे बसतो. भिजलेला कागद रोज काढा, टोपले आठवड्यातून दोनदा धुवा. तळाला पांढरा खरपुडा जमतो तो चुन्यासारखा असतो, साबणाने निघत नाही. त्यावर पांढरा सिरका ओतून दहा मिनिटे ठेवला की सुटतो. फिनेल वापरू नका. ब्लीचिंगचे पाणी तर मूत्रावर कधीच ओतू नका, अमोनियाशी मिळून त्यातून विषारी वायू निघतो आणि मोरीचे दार बंद असेल तर धुणारीलाच तो बाधतो.

पाटीत घालायला लाकूडकामाच्या दुकानातला बारीक भुसा किंवा कारखान्यावरचा उसाचा भुसा आणावा का, असे बारामतीच्या भगिनीने विचारले आहे. दोन्ही नकोत. लाकडाचा बारीक भुसा नाकात जातो. उसाचा भुसा ओला असला की बुरशी धरतो, आणि त्या बुरशीच्या धुळीने कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. घरात दम्याचे माणूस असताना तो मुळीच आणू नये. जुनी वर्तमानपत्रे स्वस्त आणि बिनधोक.

आणखी एक सवय सोडावी लागेल. वास दाबायला गुरुवारी संध्याकाळी लोबान जाळतो तो आता रोज जळू लागतो, जोडीला उदबत्ती आणि डास मारायची कॉइल. त्याने वास जात नाही, धूर तेवढा वाढतो, आणि तो सशाला नि दादींना सारखाच बाधतो. लोबान लावायचाच असेल तर ससा दुसऱ्या खोलीत न्या आणि खिडक्या उघडा.

मग गवत आणायचे कुठून? या भागात गंमत शब्दापासूनच सुरू होते. आपल्या घरांतल्या दखनीत घास म्हणजे कुठलेही गवत. बारामती-इंदापूरच्या बाजारात मात्र घास म्हटले की लसूणघासाची पेंडी हातात पडते. मूल सायकलवरून जाऊन घास घेऊन येते, ससा तुटून पडतो आणि सगळ्यांना वाटते काम झाले. लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. दुभत्या म्हशीला ते हवे, सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लालाही चालते, पण मोठ्या सशाला रोजचे अन्न म्हणून नको. जास्तीचे कॅल्शियम ससा मूत्रावाटे टाकतो, ते दाट आणि दुधाळ होते, फरशीवर डाग पडतात, आणि पुढे मूत्राशयात खडा होऊ शकतो. उसाचे वाढे आणि ज्वारीचा कडबा जनावरांचा, सशाचा नव्हे.

आपल्याकडची हरळी वाळवून दिली तर उत्तम. मारवेल, पवना ही माळावरची गवतेही चालतात. कुरिअरने येणाऱ्या परदेशी गवताच्या पिशवीत पैसे घालण्यापेक्षा आम्ही ओटकडे बोट दाखवू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' हा ओटचा वाण हिरव्या चाऱ्यासाठी शेतकरी घेतात. मामा-काकांपैकी कोणाचा गोठा असेल तर त्यांना एक लहान वाफा फुलोऱ्यापर्यंत ठेवायला सांगा. जानेवारी-फेब्रुवारीत कापून दोन-तीन दिवस उलटापालट करत वाळवला, मग सावलीत ठेवला की एका सशाची बरीच सोय होते. चारापिकांबद्दल विचारायला माळेगावजवळचे शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र बारामतीकरांना लांब नाही. उसाच्या बांधावरचे गवत मात्र कापू नका, कितीही हिरवेगार दिसो. बांधावर तणनाशक मारलेले असते आणि ते आपल्याला कोणी सांगायला येत नाही.

केसांकडे वळू. सशाला साधारणपणे वर्षातून दोनदा मोठी केसगळ होते, मधल्या काळात हलकी. घरात दिवे आणि पंखे असल्याने हे वेळापत्रक पुढेमागे होते, कधी लांबते. केस दादींच्या खोलीत पोचायच्या आधीच सशाच्या अंगावरून काढून घ्यायचे. भांडी घासायचे रबरी हातमोजे किंचित ओले करून मानेपासून शेपटीकडे हात फिरवला की सुटलेले केस गोळा होऊन येतात. केसगळीत हे रोज दहा मिनिटे, एरवी आठवड्यातून दोनदा, आणि गच्चीवर किंवा अंगणात, सावलीत. हे काम ज्याने ईदी खर्च केली त्याचे. दम्याच्या माणसाने ते करू नये. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून लोखंडी फणी नको, ओढून केस उपटणे नको. अंघोळ तर नकोच. भेदरलेला ससा पाण्यात झटके देऊन स्वतःचा मणका मोडून घेऊ शकतो.

घरात कोरडा झाडू मारला की केस उठतात आणि पंख्याबरोबर फिरत बसतात. पंखा बंद करून आधी ओले फडके, मग झाडू. सशाची खोली एकच ठरवा, ती स्वयंपाकघराला आणि झोपायच्या खोलीला लागून नसली तर बरे. गोधड्या-चादरी मशीनमध्ये टाकण्यापूर्वी बाहेर झटका, नाहीतर पाणी जायची नळी तुंबते. कूलरच्या जाळीवर केसांचा थर बसतो आणि ओला होऊन कुजतो. घरात 'कसला तरी वास' येतो त्यातला थोडा उन्हाळ्यात तिथून येत असतो.

जानमाजबद्दल तिघींनी विचारले आहे, आणि एकीने तर सासूबाई केसांमुळे दुसऱ्यांदा नमाज पढतात असे लिहिले आहे. ससा हा चारही सुन्नी मजहबांत हलाल प्राणी आहे. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांची हकीकत आहे की त्यांनी ससा पकडून आणला, अबू तलहा (रजि.) यांनी जुबह केला आणि त्याचा वाटा पैगंबर (स.) यांच्याकडे पाठवला, तो त्यांनी स्वीकारला. हलाल प्राण्याचा गळलेला केस पाक असतो. तो कपड्यावर राहिला म्हणून नमाज पुन्हा पढावी लागत नाही. मूत्र आणि लेंडी मात्र नापाक, ती धुवावी लागते. किती लागली तर काय, हे हनफी आणि शाफई मजहबांत थोडे वेगळे आहे, ते आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारा. जानमाज गुंडाळून कपाटात ठेवली आणि सशाला त्या खोलीत येऊच दिले नाही तर विचारायची वेळ येणार नाही.

दादींच्या दम्याबद्दल आम्ही गोड बोलणार नाही. केस, सशाची लाळ, मूत्र आणि गवताची धूळ या चारही गोष्टींनी दमा उठू शकतो. गवत झटकणे घराबाहेर करा, ससा त्यांच्या खोलीत नको, आणि डॉक्टरांना घरात ससा आहे हे स्पष्ट सांगा. एवढे करूनही त्यांना वरचेवर धाप लागत असेल तर ससा दुसऱ्या घरी द्यावा लागेल. मुलीला ते रडू येईल, पण खरे कारण सांगून, ती भेटायला जाऊ शकेल अशा घरी द्या. ससा गेल्यावरही त्याचे कण घरात बरेच दिवस राहतात, म्हणून त्या खोलीचे पडदे-गाद्या धुवून घ्या, नाहीतर ससा गेला तरी फरक नाही असे वाटेल.

उसात सोडणे हा मार्ग नव्हे. आपल्या फडातला, माळावरचा रानससा वेगळा आणि हा पांढरा, लाल डोळ्यांचा पाळीव ससा वेगळा. त्याचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. कुत्रे, कोल्हे, मुंगूस यांच्यापुढे तो एक रात्र काढणे कठीण. त्याउलट ऊसतोडीत सापडलेले रानसशाचे पिल्लू कोणी घरी आणले तर तेही चूक. रानसशाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते जिथे सापडले तिथेच ठेवावे. त्याची आई बहुधा अंधार पडल्यावर दूध पाजायला येते.

इंदापूरच्या भगिनीकडे जोडी आहे. ती आजच वेगळी करा. मादी सुमारे 31 दिवसांत विते आणि विल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. तुमचा वासाचा हिशेब दोन सशांचा आहे, तो दहाचा व्हायला वेळ लागणार नाही. नर वयात आला की भिंतींवर मूत्र उडवतो, त्याचा वास सर्वांत उग्र. नसबंदीने तो बराच कमी होतो, पण सशांची शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्यच पाहावा. त्यासाठी पुण्याला जावे लागले तरी जावे. गुरांचे औषध सशाला परस्पर देऊ नका. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन सशाचे आतडे बिघडवून जीव घेऊ शकते, आणि गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे. अंगावर गोल, खवल्यांचे टक्कल दिसले तर तो नायटा असू शकतो, मुलांना लागतो, तेव्हा केसगळ समजून सोडून देऊ नका.

रोज सकाळी टोपले बदलताना लेंड्यांकडे नजर टाकत जा. केसात ओवल्यासारखी माळ पडू लागली तर गवत आणि पाणी वाढवा, केस रोज काढा. लेंड्या अगदी बारीक झाल्या किंवा थांबल्या, आणि ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ज्या दोन घरांनी गवत बंद केले आहे त्यांनी ते आजपासून पुन्हा सुरू करावे, चपाती-बिस्किट तीन-चार दिवसांत कमी करत बंद करावे. पावसाळ्यासाठी गवत घेताना काडी मुरगाळून पाहा, कट्‌कन तुटली तरच घ्या. पोत्यात दाबून भरू नका, हवा लागेल अशा सुती पिशवीत, जमिनीपासून वर, गॅसपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले गवत श्रावणात हमखास बुरशी धरते, आणि मग पुढचे पत्र पुन्हा वासाचेच येते.