सोनेरी झिलईचा तराजू

भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. पुढें तेथें स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने निघाले. अशा पोलादावर हल्लीं कधीं कधीं सोनेरी झिलई दिसते. तींत बहुधा सोन्याचा कणही नसतो. ती असते टायटॅनियम नायट्राइडची. निर्वात केलेल्या पात्रांत थोडा आर्गन व नायट्रोजन सोडून विजेनें त्यांचा प्लाझ्मा करतात. (घरची ट्यूबलाइटही प्लाझ्माच होय.) टायटॅनियमचे उडालेले अणू नायट्रोजनशीं संयोग पावून पोलादावर बसतात. नायट्रोजन कमी पडला कीं रंग रुपेरी, अधिक झाला कीं तांबूस.

मग पात्रांत कोणते आयन किती, हें कळावें कसें? नुसत्या प्रकाशावरून अदमास होतो, पारख नव्हे. यास्तव सूक्ष्म छिद्रांतून आयन मास स्पेक्ट्रोमीटरमध्यें ओढून वस्तुमान व विद्युत्भार यांच्या गुणोत्तराप्रमाणें निवडतात. जे. जे. टॉमसन यांनीं १९१३ सालीं निऑनचे २० व २२ हे दोन प्रकार दाखविले, ते याच मार्गानें.

या तराजूलाही चकवा बसतो, आणि आम्हांस खरी मौज तेथेंच वाटते. नायट्रोजनचा रेणू २८, कार्बन मोनॉक्साइडही २८! दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आर्गन ४० चा असून २० वर उभा राहतो. अशा वेळीं तुकडे पाहावे: १४ ची खूण बहुधा नायट्रोजनची, १२ ची कार्बनची. ३२ वर ऑक्सिजन वाढूं लागला, तर कोठून तरी हवा शिरत आहे आणि झिलई बिघडणार.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें मास स्पेक्ट्रोमीटर देशांतच घडविले आहेत. लहान कारखानदारास असें यंत्र परवडेलच असें नाहीं. तो भांडें बाहेर काढून रंगच पाहील.