तिकीट ठरतं कुठे?

भोर-वेल्ह्याकडच्या बायकांशी निवडणुकीचा विषय काढला, की मतदानाच्या दिवसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाडी घसरते ती तिकिटावर. वेल्ह्यातल्या (आता राजगड तालुका म्हणायचं) बचत गट चालवणाऱ्या एक ताई सांगत होत्या, "गटात बाईची जागा पडली म्हणून मुलाखतीला पुण्याला गेले. पहिला प्रश्न काय, तर मिस्टर काय करतात? दुसरा, खर्च किती कराल?" पंधरा वर्षांचं काम सांगायची वेळच आली नाही. तिकीट एका पुढाऱ्याच्या सुनेला मिळालं.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे तिथे बाई निदान उभी तरी राहते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मात्र एबी फॉर्म लागतो. तो शेवटच्या दिवशी, वेळ संपता संपता कुणाच्या तरी गाडीतून येतो. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्या आहेत, हे खरं. पण त्या जागेवर कुठली बाई, हे पक्षच ठरवतो. पक्षाची नोंदणी कशी करावी हे कायदा सांगतो. उमेदवार कसा निवडावा याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

मग पक्षाच्या सभासदांनीच मतदान करून उमेदवार ठरवला तर? अमेरिकेत असंच होतं, त्याला 'प्रायमरी' म्हणतात. आपल्याकडेही काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. त्यात आपलं वर्धा होतं. तिथे दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात चुरस झाली. मतदार कोण? पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी. म्हणजे पेटी नवी, घराणी जुनीच! सागर मेघे जिंकले, लोकसभेला हरले आणि त्याच वर्षी मेघे मंडळी भाजपमध्ये गेली.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. प्रायमरीला मोजकेच लोक येतात, तेही कट्टर. त्यामुळे जो जास्त ओरडतो त्याचं फावतं. म्हणून अलास्काच्या मतदारांनी २०२० मध्ये नियम बदलला: सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची प्रायमरी एकच, मतदान सर्वांना खुलं आणि पहिले चार जण पुढे.

आपल्या डोंगराळ तालुक्यांची अडचण वेगळीच. इथे सभासद पक्षाचा कमी, पुढाऱ्याचा जास्त. २०२४ च्या विधानसभेला भोरमधून निवडून आलेले शंकर मांडेकर ऐन निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेच्या ठाकरे गटातून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले होते. त्यांच्याकडून हरलेले काँग्रेसचे संग्राम थोपटे २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. नेता गेला की त्याच्यामागे गावंच्या गावं जातात. अशा वेळी सभासदांची यादी धरायची तरी कुठली?

तरीही मला हा प्रयोग हवा आहे, पण वर्ध्यासारखा नको. सभासदांची यादी आरक्षणाची सोडत निघण्याआधीच बंद व्हावी, म्हणजे आयत्या वेळची भरती थांबेल. यादीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, नाहीतर बायकांच्या जागेसाठी पुन्हा पुरुषच मत देणार. यादी मोठीही हवी. दोनशेच मतदार असले तर त्यांना सहलीला नेणं किती सोपं असतं, हे सभापतीच्या निवडीत आपण पाहिलंच आहे. आणि मतदान गटातच व्हावं. केळद-पासलीच्या किंवा हिर्डोशी खोऱ्यातल्या बाईने तिकिटासाठी पुण्याच्या चकरा का माराव्यात? सकाळची एसटी चुकली तर तिचा दिवस गेला.

पक्ष हे आपणहून करतील, असं मला वाटत नाही. विधी आयोगाने १९९९ मध्येच पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणा म्हणून सुचवलं होतं. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीला कुणी पुढारी आला, तर हळदीकुंकवाचं वाण घेण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुमच्या पक्षाच्या सभासदांची आमच्या गावची यादी कुठे बघायला मिळेल, आणि त्यात बायका किती?