पहिली नौका : नवी, जुनी आणि आपले पिण्याचे पाणी

22 सप्टेंबर 2025 रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले, तेव्हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात चर्चा झाली ती मोटारींची. लहान मोटारींवरील कराचा भार उपकरासह 29 टक्क्यांच्या आसपास होता, तो 18 टक्क्यांवर आला आणि कारखान्यांपासून वितरकांपर्यंत सर्वांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच दरपत्रकातील दुसऱ्या एका नोंदीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. क्रीडेच्या आणि करमणुकीच्या नौकांवर पूर्वी 28 टक्के कर आणि 3 टक्के उपकर होता. त्या आता थेट 40 टक्क्यांच्या वर्गात गेल्या आहेत. वल्ह्यांच्या होड्या आणि कॅनू यांचा दर मात्र 28 वरून 18 टक्क्यांवर उतरला.

हौसेची नौका ही मूठभर श्रीमंतांची बाब, तिच्यावर कर वाढला तर सामान्यांना काय त्याचे, असे कोणी म्हणेल. ते पूर्णपणे खरे नाही. या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत लघुउद्योजकांचा आणि वरच्या पगाराच्या अभियंत्यांचा एक वर्ग तयार झाला आहे. त्याचे घर झाले, मोटार झाली, पवनेकाठी किंवा मुळशीकडे जमिनीचा तुकडाही झाला. समोर पाणी दिसू लागले की पुढची पायरी होडीची, हे ओघानेच आले. आणि तिथेच त्याला पहिला प्रश्न पडतो : नवी घ्यावी की वापरलेली?

निव्वळ हिशेब मांडला तर उत्तर सोपे वाटते. मूळ किंमत 20 लाख रुपये असलेल्या नव्या मोटारबोटीवर पूर्वी 6 लाख 20 हजार रुपये कर पडत असे, आता 8 लाख पडतो. म्हणजे बोट पाण्यात उतरण्यापूर्वीच 28 लाख गेले. तीच बोट दुसऱ्या हौशी मालकाकडून वापरलेली घेतली, तर तो व्यवहार व्यवसायाचा नसल्याने त्यावर हा कर येत नाही. विक्रेता व्यापारी असला आणि त्याने आधीच्या कराची वजावट घेतलेली नसली, तर कर लागतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर. थोडक्यात, कराची रचनाच पहिल्या खरेदीदाराला जुन्या बोटीकडे ढकलते. शिडाची लहानशी नाव आणि कोट्यवधींची आलिशान यॉट यांना एकाच तराजूत तोलणारी ही रचना शहाणपणाची नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण जुनी मोटार घेणे आणि जुनी बोट घेणे यांत मोठे अंतर आहे. मोटारीच्या बाबतीत आपल्या हाती बरेच काही असते. परिवहन कार्यालयातील नोंद ऑनलाइन पाहता येते, कर्जाचा बोजा कळतो, सर्व्हिसिंगचा इतिहास मिळतो आणि गल्लीतला मेकॅनिकही आवाजावरून इंजिनाची जातकुळी सांगतो. हौशी बोटींचा बाजारच आपल्याकडे तुटपुंजा आहे. मुंबई आणि गोवा येथे तो थोडाफार आहे. पण किमतींना आधार नाही, आणि किती किलोमीटर चालली असे विचारण्यातही अर्थ नाही, कारण बोटीचे वय मोजतात ते इंजिनाच्या तासांत. तो आकडा दाखवणारे मीटर असेलच, याची शाश्वती नाही.

म्हणून डोळे आणि हात यांवरच भिस्त ठेवावी लागते. फायबरच्या बोटीची सर्वांत दगाबाज जागा म्हणजे इंजिन जिथे टांगलेले असते ती मागची भिंत. तिच्या आत बहुधा लाकडाची फळी असते. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले की ती आतल्या आत कुजते. बाहेरून रंग मात्र चकचकीत. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. ठणठणीत आवाज आला तर ठीक, भदभदा आला तर पैसे खिशात ठेवून परतावे. तळाला फोड आले असतील तर फायबरच्या थरांत पाणी शिरले आहे असे समजावे. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी आत जात आहे. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे आले पाहिजे. भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या कोणत्याही अनुभवी फिटरला ही परीक्षा अवघड नाही. त्याला एका रविवारी सोबत नेणे हे विक्रेत्याच्या दहा आश्वासनांपेक्षा मोलाचे. इंजिन पिंपात चालवून दाखवणाऱ्याला नम्रपणे सांगावे, की बोट पाण्यात घालून, भार घेऊन अर्धा तास चालवा.

आणखी एक गोष्ट खोदून विचारायला हवी : बोट आजवर कोणत्या पाण्यात होती? खाऱ्या पाण्यातील दहा वर्षे आणि धरणाच्या गोड्या पाण्यातील दहा वर्षे सारखी नसतात. मांडव्याला किंवा मुंबई बंदरात उभ्या असलेल्या बोटीच्या इंजिनातील पाण्याच्या वाटा क्षाराने बुजलेल्या असतात, तारांची टोके हिरवी पडलेली असतात.

इथवरची चर्चा खरेदीदाराच्या खिशाची झाली. पण बोट चालणार कुठे, हे पाहिले की प्रश्न खासगी राहत नाही. शहरातली पवना नदी सध्या नौकानयनाच्या लायक नाही. थेरगावला केजुदेवी बंधाऱ्यापाशी बोट क्लब आहे खरा, पण जलपर्णी आणि सांडपाणी यांनी त्या पाण्याची काय अवस्था होते, ते नागरिक दरवर्षी पाहतात. पुण्यात 1868 मध्ये स्थापन झालेला रॉयल कनॉट बोट क्लब ज्या मुळा-मुठेच्या काठी उभा राहिला, त्या नदीची कथा याहून वेगळी नाही. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात नौकानयनाचे उत्तम प्रशिक्षण केंद्र आहे. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये उतरलेला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या चमूत असलेला दत्तू भोकनळ हा पुण्याच्या लष्करी वातावरणातच घडला. पण ते पाणी लष्कराचे. सामान्य हौशी माणसासाठी उरतात ती धरणे : पवना, मुळशी, चाकणजवळचे भामा-आसखेड.

मुळशी टाटांचे. पवना आणि भामा-आसखेड जलसंपदा विभागाच्या ताब्यात, आणि त्यांच्या परवानगीवाचून तिथे बोट घालता येत नाही. यातले पवनेचे पाणी रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जाते. त्या पाण्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाने मावळात 2011 मध्ये बळी घेतले आहेत. बंद जलवाहिनीविरोधी आंदोलनात 9 ऑगस्ट रोजी बऊर येथे झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्यांच्या जमिनी या धरणात गेल्या त्यांच्या डोळ्यांसमोर शहरातल्यांच्या मोटारबोटी भिरभिराव्यात, यातला बोचरेपणा निदान हौशी माणसाने तरी ओळखावा.

आता जुन्या बोटीचा मुद्दा पुन्हा पाहू. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या बोटींच्या मागे अनेकदा कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक इंजिन असते. जुन्या बजाज स्कूटरच्या मागे निघणारा निळा धूर ज्यांना आठवतो, त्यांना हे तंत्र समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की स्कूटरचे न जळलेले पेट्रोल हवेत जात असे. आउटबोर्ड इंजिनाचा धूर पाण्याखाली सोडलेला असतो. अशा इंजिनांत इंधनाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक न जळताच बाहेर पडू शकतो, तेलासकट. अमेरिकेने 1996 मध्ये या इंजिनांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. तिथल्या टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक बोटींना 1999 च्या जूनपासून बंदी आली. जर्मनीतील क्योनिग्झे तलावात तर 1909 पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात. ज्या आकुर्डीने देशाला टू-स्ट्रोक स्कूटर दिली, तिच्याच कंपनीची चेतक आज विजेवर धावते. पाण्यावर मात्र आपण अजून जुन्याच जमान्यात आहोत.

म्हणजे कर जिकडे ढकलतो, नेमकी तीच दिशा पिण्याच्या पाण्याला मारक आहे. नव्या, स्वच्छ इंजिनाच्या बोटीवर 40 टक्के आणि धूर ओकणाऱ्या जुन्या बोटीवर शून्य, हे गणित कोणी तरी तपासायला हवे. निदान विजेवर चालणाऱ्या लहान बोटींना वल्ह्याच्या होड्यांच्या पंक्तीला बसवले तर खजिन्याला फार मोठी तोशीस पडणार नाही.

कायदा नाही असे नाही. 1917 च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा 2022 मध्ये लागू झाला. यांत्रिक बोटीची तपासणी, नोंदणी, विमा आणि देशभरच्या बोटींची मध्यवर्ती माहिती अशी तरतूद त्यात आहे. ती धरणाच्या काठापर्यंत पोहोचली, तर जुनी बोट घेणाऱ्यालाही मोटारीसारखीच तिची कुंडली पाहता येईल. तोवर नोंदणीचा आणि तपासणीचा कागद न दाखवणाऱ्याकडून बोट घेऊ नये, मग किंमत कितीही मोहात पाडो. 18 डिसेंबर 2024 रोजी गेट वे ऑफ इंडियाजवळ इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. इंजिनावरचा ताबा क्षणभर सुटला तर काय होते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

मग पहिली बोट कोणती? आमच्या मते इंजिनाची नव्हेच. 50 हजारांची नवी कॅनू घेतली तर आता 9 हजार कर पडतो, पूर्वी 14 हजार पडत होता. ती मोटारीच्या टपावर बांधून नेता येते. इंजिनाच्या बोटीला लागते ते ट्रेलर, आणि वाकड-मोशीच्या सोसायट्यांत दुसऱ्या मोटारीच्या जागेवरून जिथे बैठका रंगतात, तिथे अठरा फुटी ट्रेलर कोण उभा करू देणार? दोन हिवाळे वल्हे मारून, वारा आणि पाणी ओळखून झाले आणि हौस टिकली, तर गोड्या पाण्यात वापरलेला चांगला सांगाडा घ्यावा आणि त्याला नवे फोर-स्ट्रोक किंवा विजेचे इंजिन लावावे. पावसाळ्यात ती उलटी करून, ताडपत्रीखाली, लाकडी ओंडक्यांवर ठेवावी. इंजिन काढून घरात आणावे.