घटपर्णी वर, ऑर्किड खाली

दोस्तांनो, ऑर्किडवरचा लेख छापून आल्यापासून तुमच्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. ‘आमचं ऑर्किड छान लागलंय. त्याच्या शेजारी घटपर्णी लावली तर चालेल का? आणि ती घरातले डास खाईल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे घरच्या मोठ्या माणसांची काय ती निराशा एकदाच होईल. नाही! घटपर्णीमुळे घरातले डास कमी होत नाहीत. तिच्या सुरईत सापडतात त्या मुख्यतः मुंग्या. तेव्हा मच्छरदाणी माळ्यावर टाकू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘हो’ असं आहे. दोघांनाही उबदार दमट हवा आवडते, दोघांनाही कडक ऊन सोसत नाही आणि दोघांच्याही मुळांना चिखल झालेली माती चालत नाही. पण एका बाबतीत या शेजाऱ्यांचं अजिबात पटत नाही. ती बाब म्हणजे जेवण.

आधी घटपर्णी कशी जेवते ते पाहू. तिच्या पानाच्या टोकातून एक तार निघते आणि तारेच्या टोकाला सुरई लटकते. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रात सुरई हेच पानाचं पातं मानतात आणि आपण ज्याला पान म्हणतो तो असतो पानाचा रुंद झालेला तळ! सुरईवर झाकण असतं. किडा आत पडला की ते झाकण खटकन मिटतं, असं पुष्कळांना वाटतं. एकदा उघडलेलं झाकण पुन्हा मिटत नाही, बरं का. ते पावसाचं पाणी अडवणाऱ्या छपरासारखं असतं. खरी करामत सुरईच्या काठाची. काठावर गोड रस पाझरतो आणि काठ ओला झाला की इतका गुळगुळीत होतो, की मुंगीचे पाय ठरत नाहीत. आतल्या द्रवात पडलेली मुंगी हळूहळू पचते. केरळमधल्या पालोडच्या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अतिनील प्रकाशात हा काठ निळा चमकतो. त्यांनी काही सुरयांची ही चमक झाकून टाकली, तर त्यांत किडे फारच कमी पडले.

एवढा खटाटोप कशासाठी? घटपर्णी वाढते ती अगदी निकस जमिनीत. अन्न ती इतर झाडांसारखं उन्हातच बनवते, पण मातीत नायट्रोजन नाही, म्हणून तो किड्यांकडून मिळवते. बोर्निओच्या डोंगरांत तिची एक जात आहे, नेपेंथिस लोवी. तिच्या मोठ्या सुरयांवर ट्री श्रू नावाचा खारीसारखा प्राणी येऊन बसतो, झाकणाखालचा रस चाटतो आणि चाटता चाटता सुरईतच शी करून जातो! झाडाला त्यातून भरपूर नायट्रोजन मिळतो. 2009 साली शास्त्रज्ञांनी हे सगळं नोंदवलं. (हा परिच्छेद जेवताना मोठ्याने वाचू नये.)

आता भांडण कुठे होतं ते बघा. ऑर्किडही निसर्गात झाडाच्या फांदीवर थोडक्यात भागवतं, पण कुंडीतल्या ऑर्किडला आपण आठवड्या-पंधरवड्याने पातळ खत देतो आणि ते त्याला मानवतं. तेच खत घटपर्णीच्या मुळाशी गेलं की मुळं जळू शकतात. झाड त्यातून वाचलं तरी नुसती पानं वाढवतं, सुरया धरत नाही. बरोबरच आहे. पोट भरलेलं असताना जाळं कोण टाकेल?

म्हणून घटपर्णी वर टांगायची आणि ऑर्किड खाली ठेवायचं. घटपर्णीच्या कुंडीतून गळणारं पाणी ऑर्किडवर पडलं तर काही बिघडत नाही. उलट केलंत, तर ऑर्किडचं खताचं पाणी थेंब थेंब घटपर्णीत उतरत राहतं आणि झाड का मरतंय ते कुणाला कळत नाही. शिवाय वर टांगली की सुरयांना लोंबायला जागा मिळते. ऑर्किडला खताचा फवारा मारायचा असेल तेव्हा ती कुंडी उचलून बाजूला न्या.

पाण्याचंही असंच. बोअरच्या पाण्यात क्षार फार. बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच घटपर्णीच्या मुळांभोवती साठतो. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. पावसाळ्यात झाकणाच्या पिंपात भरून ठेवा, झाकण घट्ट हवं. ते संपलं की आरओ मशीनमधलं प्यायचं पाणी द्या. मात्र त्या मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे फेकलं जातं ते नको, त्यात तर सगळे क्षार गोळा झालेले असतात. घरी टीडीएस मोजायचं यंत्र असेल तर 50 च्या आत आकडा चांगला. ऑर्किड दोन पाण्यांच्या मध्ये जरा सुकू द्यावं लागतं, घटपर्णी मात्र कायम ओलसर हवी. ओलसर म्हणजे पाण्यात बुडालेली नव्हे! कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. मुळं कुजतात आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते ती वेगळीच.

लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे ऑर्किडला ठीक. घटपर्णीसाठी स्फॅग्नम मॉस आणि परलाइट हे मिश्रण घ्या. ते महाग वाटलं तर नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरा, पण आधी चांगल्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, पाणी बदलत बदलत धुवा. सोडणात मीठ असतं.

पूर्वेची खिडकी, सकाळचं दोन-तीन तास ऊन, मग उजेडाची सावली. पानं गडद हिरवी नि लुळी झाली आणि सुरया येईनात, तर समजा उजेड कमी पडतोय. कोकणात, गोव्यात हवेचा प्रश्न नाही. पुण्या-नाशिककडे मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा सगळ्या कुंड्या जवळजवळ ठेवा. विदर्भातल्या मित्रांनी मात्र उन्हाळ्याआधी ती विकत न घेता जूनपर्यंत थांबावं, हे बरं.

झाड घरी आलं की पंधरा दिवसांत जुन्या सुरया वाळायला लागतील. घाबरू नका, रोपवाटिकेतली दमट हवा सुटली म्हणून तसं होतं. वाळलेली सुरई तेवढी कापा, हिरवं पान ठेवा. नव्या पानांना नव्या सुरया येतील. आणि कृपा करून सुरईत पनीर, भात, चिकन, जवळा असलं काही टाकू नका! आत कुजतं, वास सुटतो आणि सुरई काळी पडते. मुंग्या तिचा पत्ता आपण होऊन शोधतात.

आता विकत कुठली घ्यायची? ‘व्हेंट्राटा’ नावाचा संकर घ्या. त्याचे आईबाप फिलिपिन्सचे, पण तो आपल्याकडे निमूटपणे जगतो. भारताची स्वतःची घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना, मेघालयातली. गारो लोक तिला ‘मेमांग कोकसी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली! वन्यजीव कायद्यात 1991 साली ज्या सहा वनस्पतींना पहिल्यांदा संरक्षण मिळालं, त्यांत ही आहे. तिच्या शेजारी त्या यादीत कोण आहे सांगा? ऑर्किडं! निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि लेडीज स्लिपर.

निळ्या व्हँडाची गोष्ट तर ऐकाच. 1850 साली जोसेफ हूकर हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत होते. लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी त्यांनी निळ्या व्हँडाची सात माणसांना वाहावी लागतील एवढी ओझी गोळा केली. त्यातली थोडीच झाडं जिवंत पोचली. मग दुसऱ्या एका गृहस्थाने माळी पाठवून एक माणूसओझं नेलं आणि ते 300 पौंडांना विकलं गेलं. हे हूकरनी स्वतःच लिहून ठेवलंय. अशी ओझी उतरत राहिली तर टेकडीवर काय उरणार? म्हणून ‘जंगलातून आणलेलं अस्सल रोप’ असं कुणी सांगितलं, तर पैसे खिशातच ठेवा.

एक शेवटचं काम, कात्री घेऊन करायचं. वाळून गेलेली सुरई टाकून देऊ नका. मोठ्या माणसाला जवळ बसवून ती वर्तमानपत्रावर उभी कापा. मुंग्यांचं मांस पचतं, पण डोकी, पंख, पायांची कवचं तशीच राहतात. भिंगाखाली मोजा आणि किती निघाली ते मला कळवा.